वापस येण्याची तयारी

पहिल्यांदा गोमुखला, हिमनदीच्या मुखाशी, जायला निघालो, तो मे महिना होता. भोकरमध्ये पहाटे पाचलाही भिंतींतून ऊब येत होती. नांदेडहून सकाळी सुटणारी सचखंड एक्स्प्रेस गाठायची म्हणून दारात जीप उभी होती. आईने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि भोकराच्या लोणच्याची लहान बरणी पिशवीत घातली आणि विचारलं, "जायलास ते ठीक हाय रे, पण वापस कधी येणारेस?"

मी गाडीची तारीख सांगितली. तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

माझ्या वहीत जाण्याचं सगळं लिहिलेलं होतं. कोणत्या दिवशी दिल्ली, कोणत्या दिवशी ऋषिकेश, कुठे मुक्काम, किती किलोमीटर चाल. परतीच्या पानावर मात्र गाडीचा नंबर आणि डबा एवढंच होतं. आमच्या मराठवाड्यात परत येण्याला 'वापस येणं' म्हणतात. वापस येण्याची तयारी जाण्याच्या तयारीहून मोठी असते, हे मला भोजबासाच्या एका रात्रीत कळलं.

आता दरवर्षी दिवाळीनंतर भोकर, उमरी, मुदखेड भागातली चार-दोन मुलं घरी येतात. सगळ्यांची इच्छा एकच असते: बर्फाची नदी बघायची आहे, काय करावं? त्यांना ओट्यावर बसवून जे सांगतो, तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

चार किलोमीटर

आम्ही तिघे होतो. एक माझा शाळेपासूनचा मित्र, त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. दुसरा त्याचा मावसभाऊ. तिघेही तिशीतले, रोज कष्टाची सवय असलेले. दिल्लीहून रात्रीच्या बसने ऋषिकेश गाठलं आणि उजाडताच जीप करून, उत्तरकाशी मागे टाकत, रात्री थेट गंगोत्रीत उतरलो. दुसऱ्या सकाळी चौकीवर परवाना दाखवून चालायला लागलो.

गंगोत्री ते गोमुख १८ किलोमीटर. नवव्या किलोमीटरवर चीडाच्या झाडांचं चिरबासा लागतं, चौदाव्यावर भोजबासा. भोज म्हणजे भूर्ज, ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत. संध्याकाळी पाचला भोजबासाला पोहोचलो तेव्हा समोर भागीरथी शिखरांवर पिवळं ऊन पडलं होतं. आपण फार वेगाने आलो, याचा आम्हाला अभिमान वाटत होता.

नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर आहे, भोजबासा सुमारे ३,८०० मीटरवर. हे अंतर आम्ही चौथ्या दिवशी पार केलं होतं, आणि त्यातही शेवटचा तीन हजार मीटरहून जास्त चढ अवघ्या दोन दिवसांत.

मित्राचं डोकं संध्याकाळपासून ठणकत होतं. त्याने ताट सरकवून दिलं. रात्री दोनदा उलटी झाली. पहाटे तो तंबूबाहेर आला तेव्हा त्याची पावलं वाकडी पडत होती. आमच्याबरोबर ओझं उचलायला एक गढवाली माणूस होता. त्याने काठीने मातीत एक रेघ ओढली आणि मित्राला तिच्यावरून टाचेला पंजा लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला मित्र कलला. त्या माणसाने चर्चा केली नाही. मित्राची सॅक आपल्या सॅकवर चढवली आणि गंगोत्रीच्या दिशेने चालू लागला.

गोमुख चार किलोमीटरवर राहिलं. दुपार कलेपर्यंत मित्राला धरून गंगोत्री गाठली आणि तिथे न थांबता संध्याकाळी हर्सिलला उतरलो. हर्सिलला त्याने पहिल्यांदा चहा मागितला. सरळ रेघेत चालता न येणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं आणि त्यावरचा पहिला उपचार खाली उतरणं हाच आहे, हे मला नंतर डॉक्टरांकडून समजलं. तो गढवाली माणूस आम्हाला गोमुखपर्यंत न्यायला आला होता. त्या दिवशी त्याने आम्हाला वापस आणलं.

शरीराचा वापसा

आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. गंगोत्रीचं मंदिर सुमारे ३,१०० मीटरवर आहे. म्हणजे गाडीतून उतरून देवीला हात जोडतो, तेव्हाच आपण कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर उभे असतो. हवेत प्राणवायूचा वाटा तिथेही २१ टक्क्यांच्या आसपासच असतो, पण हवा विरळ असते. चार हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० ते ६५ टक्के उरतो, आणि त्याच मापाने एका श्वासात मिळणारा प्राणवायूही कमी होतो. शरीर यावर तोडगा काढतं. आधी श्वास वाढवतं, मग रक्तात फेरफार करतं. फक्त त्याला दिवस लागतात.

शेतकऱ्याच्या पोराला हे समजावणं अवघड नाही. मृगाचा पाऊस झाला म्हणून कोणी लगेच काळ्या रानात तिफण घालत नाही. चिखलात पेरलं तर बी कुजतं. रानात ओल आहे पण पाय रुतत नाही, ढेकूळ मुठीत दाबलं तर फुटतं, अशी वेळ येऊ द्यावी लागते. तिला आपण वापसा म्हणतो. मित्राला हर्सिलच्या त्या संध्याकाळी मी हवेचा दाब, रक्त, श्वास सगळं समजावून सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "म्हंजे आपण वापसा यायच्या आधीच पेरलं."

तेव्हापासून मी हाच शब्द वापरतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्त काढावी, असा डॉक्टरांचा आणि गिर्यारोहकांचा दंडक आहे. गोमुखच्या वाटेवर अडचण अशी की गंगोत्री ते भोजबासा हीच उडी सातशे मीटरची आहे. म्हणून वापसा खालीच येऊ द्यायचा. पहिला मुक्काम उत्तरकाशीला, सुमारे १,१५० मीटरवर. दुसरा हर्सिलला, २,६०० मीटरच्या आसपास. मग गंगोत्रीत दोन रात्री. मधल्या दिवशी देवदारांमधल्या वाटांवर वरपर्यंत फिरून यायचं आणि झोपायला खाली यायचं. त्यानंतर भोजबासा. आमच्या पहिल्या वहीपेक्षा तीन दिवस जास्त लागतात. ज्याच्याकडे हे तीन दिवस नाहीत, त्याने त्या वर्षी थांबावं.

वाटेत तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. वर गेल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, झोप उडाली, तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं समजायचं. त्रास होत असताना एक पाऊलही वर टाकायचं नाही. आणि त्रास वाढला, बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला किंवा चाल अडखळली, तर रात्र असली तरी खाली निघायचं. असेटाझोलामाइडची गोळी अनेक जण घेतात. ती डॉक्टरांना विचारून घ्यावी, सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास त्यांना आधी सांगावं, आणि गोळी घेतली म्हणून दिवस कमी करू नयेत.

मृगाच्या आत

नांदेडकरांना उत्तरेची वाट परकी नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथे गोदाकाठी देह ठेवला, म्हणून देशभरातले शीख हजूर साहिबला येतात आणि त्यांच्यासाठी धावणारी सचखंड एक्स्प्रेस आपल्याला दुसऱ्या दिवशी दिल्लीत उतरवते. या गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर लंगरचं जेवण मिळतं. नेहमीचे प्रवासी आपलं ताट-वाटी सोबत ठेवतात. गुरूंनी पूर्वजन्मी जिथे तप केलं अशी श्रद्धा आहे, ते हेमकुंड साहिब याच गढवालात, चमोली जिल्ह्यात, चार हजार मीटरपेक्षा उंचावर आहे. तिथे सरोवराकाठी रात्री मुक्काम करू देत नाहीत. दर्शन झालं की सगळ्यांनी दुपारीच घांघरियाला उतरायचं. ज्याला पहिल्यांदा उंची अनुभवायची आहे, त्याला मी आधी हेमकुंड सुचवतो. वाट बांधलेली आहे, सोबत हजारो माणसं आहेत आणि उतरण्याचा नियम तिथे आधीच घालून दिलेला आहे.

दिवस निवडताना आपल्याकडचं आणि तिकडचं, अशी दोन्ही पंचांगं समोर ठेवावी लागतात. गंगोत्रीचं मंदिर अक्षय्य तृतीयेला उघडतं. गोमुखची वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते. हे उद्यान १९८९ मध्ये झालं आणि ते साधारण एप्रिल ते नोव्हेंबर खुलं असतं. चालण्याचे चांगले दिवस दोन: मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि पाऊस सरल्यावर सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. दुसऱ्या मोसमात आकाश स्वच्छ असतं, पण आपल्याकडे तेव्हा सोयाबीनची काढणी चाललेली असते आणि मागोमाग कापसाची वेचणी. म्हणून भोकरच्या माणसाला मे महिनाच सोयीचा. रब्बी घरात आलेली, खरिपाला अवकाश. मृगाच्या आत वापस यायचं, हा आमचा ठराव.

मे महिन्यात चारधामची गर्दी असते, त्यामुळे नोंदणी आणि मुक्काम आधीच ठरवावे लागतात. गोमुखला दिवसाला १५० जणांनाच सोडतात. परवाना वन विभागाकडून घ्यावा लागतो. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर आधी आणि उत्तरकाशीला पोहोचल्यावर पुन्हा, असं दोनदा विचारून घ्यावं. पुढे तपोवनला जायचं तर हिमनदी ओलांडावी लागते. तिथे जाणत्या वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये.

पावसाळा मात्र सोडून द्यायचा. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या वाटेवरच्या धरालीत खीरगंगेतून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि पाहता पाहता बाजार गाडला गेला. महाराष्ट्रातले पर्यटकही त्या भागात अडकले होते. त्याच महिन्यात आपल्या मुखेड तालुक्यात पावसाचं पाणी रात्रीतून हसनाळसारख्या गावांत शिरलं. दोन्हीकडच्या बातम्या मी एकाच पंधरवड्यात वाचत होतो. धराली ओढ्याने आणलेल्या गाळ-दगडांच्या पंख्यासारख्या सपाटीवर वसलेलं होतं. हिमालयात सपाट जागा दुर्मीळ, म्हणून वस्ती तिथेच होते, हॉटेलंही तिथेच उभी राहतात. मुक्काम ठरवताना मी आता खोलीचं भाडं विचारण्याआधी ओढा कुठून उतरतो ते पाहतो.

दरड कोसळून रस्ता बंद पडणं तिथे नेहमीचं आहे. म्हणून परतीच्या आरक्षणाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. हे दिवस हाताशी नसले की माणूस वेळ भरून काढायला धावतो आणि तिथेच घात होतो.

माहूरच्या पायऱ्या

भोकरमध्ये बर्फ नाही, उंच डोंगर नाही, मग सराव करायचा कुठे? शेजारच्या निझामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा ही शेतमजुराची मुलगी २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षं पूर्ण होण्याआधी, एव्हरेस्टवर पोहोचली. तिने पहिले धडे भोंगीरच्या कातळावर घेतले, मग दार्जिलिंगला आणि लडाखच्या थंडीत. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्ट चढले. आपल्यासारखाच उन्हाचा मुलूख, आपल्यासारखीच घरं. त्यांची तयारी महिनोन्महिने, टप्प्याटप्प्याने झाली होती.

हिमनदीच्या मुखापर्यंत जाऊन येण्यासाठी एव्हरेस्टची तयारी लागत नाही, पण चार महिने लागतातच. जानेवारीत सुरुवात करायची. पहिला महिना रोज तासभर भरभर चालणं. आम्ही सकाळी सुधा धरणाकडे जायचो. दुसऱ्या महिन्यात पाठीवर ओझं: पाण्याच्या बाटल्या भरून आधी चार किलो, मग आठ. तिसऱ्या महिन्यात चढ-उतार. त्यासाठी माहूरसारखी जागा नाही. रेणुकामातेच्या पायऱ्या, मग दत्तशिखर, मग अनसूया माता, पाठीवर ओझं घेऊन आणि गप्पा मारण्याइतका श्वास शिल्लक ठेवून. गप्पा मारता येत नसतील तर वेग जास्त आहे, हे माप पहाडातही कामाला येतं. उतरण्याचा सराव विसरू नये. गुडघे चढताना बोलत नाहीत, उतरताना बोलतात. सुट्टी मिळाली तर एकदा कळसूबाई करून यावं.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा साखर असलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. ज्याला यापुढेही जायचं आहे, बर्फावर दोर आणि कुऱ्हाड वापरायला शिकायचं आहे, त्याच्यासाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून उभी आहे. तिथला प्राथमिक अभ्यासक्रम २८ दिवसांचा असतो. यूथ होस्टेल्स असोसिएशनच्या मे महिन्यातल्या मोहिमाही सर्वसामान्यांच्या खिशाला परवडणाऱ्या आहेत.

कापूस घरी ठेवा

आमचं पीक कापूस. अंगावर कापूस, अंथरुणात कापूस. हिमनदीकडे निघताना मात्र कापूस घरी ठेवावा लागतो. सुती कपडा घाम आणि पाणी धरून ठेवतो, लवकर वाळत नाही आणि ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. बेचाळीस अंशांत हाच गुण सुखाचा वाटतो, शून्याच्या आसपास तोच जिवावर बेततो. म्हणून अंगालगत लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा कपडा, त्यावर उबदार थर, सर्वांत वर वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट. चालताना एक थर कमी, थांबल्याबरोबर एक जास्त. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा आणि तो फक्त झोपताना घालायचा.

बूट नवे घेऊन निघू नये. ते सरावाच्या चारही महिन्यांत पायात असले पाहिजेत. लोकरीचे मोजे, हातमोजे, कानटोपी, बर्फावरच्या प्रखर उजेडासाठी काळा चष्मा, डोक्याला बांधायची विजेरी, हे सगळं चार जणांत मिळून नाही, प्रत्येकाचं स्वतःचं हवं.

खाण्याचं आपल्याकडे चांगलं आहे. पहिले तीन दिवस धपाटे टिकतात. पुढे शेंगदाणा-गुळाचे लाडू, डिंकाचे लाडू, सातूचं पीठ, फुटाणे. उंचीवर भूक मरते, ताटाकडे पाहवत नाही. अशा वेळी आईच्या भोकराच्या लोणच्याची एक फोड मी भाताबरोबर खाल्ली आणि भात पोटात गेला. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता, दिवसभरात तीन-चार लिटर प्यावं. दारू आणि सिगारेट या दिवसांत पूर्ण बंद.

ओझं उचलायला माणूस घेतला तर त्याच्या पायात बूट आहेत का, रात्री पांघरायला काय आहे, हे आपणच पाहायचं. त्याच्या पाठीवर झेपेल एवढंच द्यायचं आणि ठरलेला दिवस अर्ध्यावर सुटला तरी पूर्ण मजुरी द्यायची. पैसे कापले जातील या भीतीने एखादा माणूस तुम्हाला वर घेऊन जाईल, अशी वेळ त्याच्यावर आणू नये.

भिंतीवरचा कागद

दुसऱ्यांदा निघताना मी वहीतलं परतीचं पान आधी लिहिलं आणि त्याची एक प्रत स्वयंपाकघरात, कॅलेंडरशेजारी चिकटवली. त्यावर रोजचा मुक्काम, सोबत्यांच्या घरचे नंबर, वाटाड्याचं नाव, प्रत्येकाचा रक्तगट, उत्तरकाशीच्या जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर, आणि शेवटी एक ओळ: 'या तारखेच्या रात्रीपर्यंत फोन आला नाही, तर इथे कळवा.' गंगोत्री सोडल्यावर मोबाइलवर विसंबता येत नाही. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे. तेव्हा घरच्यांच्या हातात हा कागदच असतो. आईने तो दोनदा वाचून घेतला. त्या वेळी तिने वापस कधी येणार, असं विचारलं नाही.

त्याच पानावर रोजची परतीची वेळही लिहिलेली होती. दुपारी बारा वाजले की, गोमुख शंभर पावलांवर असलं तरी, मागे फिरायचं. पहाडात दुपारनंतर हवा बिघडते आणि तेव्हा थकलेल्या माणसाला निर्णय घेता येत नाही. तो घरून, शांत डोक्याने घेऊन जायचा असतो.

हे अती वाटत असेल तर दोन घटना सांगतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी 'द्रौपदी का डांडा' या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमकडा कोसळला. प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून २९ जण गेले. त्यांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन शिखरं सर केली होती. एवढ्या तयारीच्या माणसांनाही पहाड सवलत देत नाही. दुसरी घटना जून २०२४ च्या सुरुवातीची. उत्तरकाशीजवळच्या सहस्रतालच्या वाटेवर, बहुतेक कर्नाटकातले असलेल्या २२ जणांच्या गटाला वादळाने गाठलं. थंडीत आणि वाऱ्यात नऊ जणांचा जीव गेला. ती चालण्याची वाट होती, गिर्यारोहणाची नव्हे.

मागे फिरणं आणि हरणं एक नाही, हे शिकवणारी माणसं आपल्या मराठवाड्यातच आहेत. छत्रपती संभाजीनगरचे पोलीस शिपाई रफिक शेख एव्हरेस्टला गेले ते २०१४ मध्ये. त्या वर्षी हिमकडा कोसळून सोळा शेर्पा गेले आणि मोहिमा थांबल्या. २०१५ मध्ये पुन्हा गेले, तेव्हा नेपाळचा भूकंप झाला. २०१६ मध्ये ते माथ्यावर पोहोचले. मनीषा वाघमारे २०१७ मध्ये शिखर जवळ दिसत असताना खराब हवेमुळे मागे फिरल्या आणि २०१८ मध्ये जाऊन चढून आल्या. कोणी दोनदा, कोणी एकदा वापस आलं, म्हणूनच त्यांना पुन्हा जाता आलं.

ऊन वाढलं की फुगणारी नदी

पुढच्या मे महिन्यात आम्ही तिघे पुन्हा गेलो. या वेळी उत्तरकाशी, हर्सिल, गंगोत्रीत दोन रात्री. भोजबासाला मित्र पोटभर जेवला. पहाटे निघून सकाळी आठच्या सुमाराला गोमुखासमोर पोहोचलो.

हिमनदी पांढरीशुभ्र असेल, अशी माझी समजूत होती. समोर होती ती राखाडी, चिखल आणि दगडांनी माखलेली बर्फाची भिंत. तिच्या भेगांत आत कुठेतरी निळा रंग. तिच्या पायथ्यातून गढूळ भागीरथी उसळून बाहेर येत होती आणि पाण्यावरून बर्फाचे तुकडे वाहत होते. मुखाजवळ कडे सतत ढासळतात, म्हणून आम्ही बऱ्याच अंतरावर दगडांत बसून राहिलो. तिथे बसल्या बसल्या दोनदा बर्फ तुटल्याचा आवाज आला.

ही भिंत म्हणजे सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या हिमनदीचं केवळ टोक. मागे चौखंबाच्या उतारांवर, ७,१३८ मीटर उंचीच्या शिखराखाली, वर्षानुवर्षं पडलेलं हिम आपल्याच भाराने दबून बर्फ होतं आणि इंच इंच खाली सरकतं. वाटेतले दगड ते सोबत आणतं आणि काठाला टाकतं. शाळेच्या भूगोलात 'हिमोढ' असा शब्द पाठ केला होता. आम्ही बसलो होतो ते त्याच हिमोढांवर.

मित्राला जास्त नवल वाटलं ते पाण्याचं. आपल्याकडे ऊन वाढलं की नदी आटते. मे महिन्यात ओढ्यात झरा खणून वाटीने पाणी भरलेलं आमच्या पिढीने पाहिलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा आम्ही ती बातमी दुसऱ्या कोणाची म्हणून वाचली नव्हती. इथे उलटं होतं. ऊन चढेल तसं बर्फ वितळतं आणि नदी फुगते. सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेला लागतो, म्हणून ओढे पहाटेच ओलांडायचे असतात. मित्र बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "एवढं पाणी नुसतं उभं हाय की रे!"

ते उभं पाणी मागे सरकत आहे. १९३५ मध्ये भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन यांनी या मुखाची जागा नोंदवून ठेवली. तेव्हापासूनच्या मोजमापांत ते सरासरी वर्षाला वीसेक मीटर मागे गेलेलं दिसतं. म्हणजे आमच्या दोन खेपांच्या मधल्या एका वर्षातही ते थोडं दूर गेलं असेल. गोदावरी पावसावर जगते, तिला बर्फाचा आधार नाही. तरी पाण्याची वाट पाहत वाढलेल्या माणसाला साठवणीचं मोल सांगावं लागत नाही. आम्ही तिथे काही टाकलं नाही, बर्फावर पाय दिला नाही. लाडवांचे कागददेखील खिशात घालून वापस आणले.

घड्याळात साडेदहा झाले तेव्हा उठलो. अजून थोडं बसावंसं वाटत होतं, पण कागदावर लिहिलेलं होतं.

उतरताना हर्सिलला थांबलो. जवळच मुखबा गाव आहे, लाकडी घरांचं. चहावाल्याने सांगितलं की दिवाळी झाली, अन्नकूटाचा दिवस आला की गंगोत्रीचं मंदिर बंद होतं. देवीची पालखी वाजतगाजत खाली निघते आणि भाऊबीजेला या मुखब्यात पोहोचते. इथले लोक मुखब्याला गंगेचं माहेर म्हणतात. हिवाळाभर ती इथेच राहते. वरच्या बर्फात कोणी मुक्काम करत नाही.

 आमच्या घरी कॅलेंडरशेजारी तो कागद अजून चिकटवलेला आहे. आईने त्यावर पेनने माझ्या परतीच्या तारखेला गोल केला होता, आणि त्याखाली मी ज्या वेळी दारात पोहोचलो ती वेळ लिहून ठेवली आहे.